आज इथे कुणी नाही

दादाची पेटी घेऊन शाळाशाळांतून फिरायचं काम धाकटीच्या गळ्यात पडलं, कारण दुसरं कुणी पुढे येईना.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी पथकात चौदा वर्षं काढलेला माणूस. एका दुपारी नाक्यावर त्याने एक टेम्पो थांबवायला हात केला आणि टेम्पो थांबला नाही. आत कायकाय सापडलं ते दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत किलोंमध्ये छापून आलं. दादा मात्र हॉस्पिटलच्या दारापर्यंतही पोचला नव्हता.

खात्याने त्याच्या नावाने वर्षातला एक आठवडा ठरवून टाकला. त्या आठवड्यात शाळांतून नशेविरुद्ध बोलायचं. दादाला हेच काम सगळ्यांत जास्त आवडायचं. धाड टाकून आला की त्याचं तोंड ओढलेलं असायचं, शाळेत बोलून आला की दोन घास जास्त जेवायचा. "धाडीत भेटतात ते उशिरा भेटलेले असतात गं," असं म्हणायचा. "शाळेतले वेळेवर भेटतात."

पेटी लाकडी होती, वर काचेचं झाकण. आत कप्पे होते. एकात टाल्कम पावडर, एकात वाळका पाला, एकात साखरेच्या रंगीत गोळ्या, शिवाय खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली आणि पंक्चरच्या सोल्यूशनची ट्यूब. सगळं नकली, पण मुलं माना लांब करकरून बघायची. तळाशी पांढऱ्या कार्डांचा गठ्ठा असायचा. शाळेत कुणाकडे लक्ष ठेवायला हवं ते दादा त्यावर टिपून ठेवायचा. नाव कधी लिहायचा नाही. अक्षर बारीक, उजवीकडे कललेलं, आणि 'ळ'ला उगाच मोठं पोट.

धाकटी एका मेडिकलमध्ये काउंटरला होती. चिठ्ठी वाचायची, गोळ्या मोजायच्या, पाकिटावर 'सकाळी एक, रात्री एक' लिहून द्यायचं, यात तिची वीस वर्षं गेली. चारचौघांत बोलायचं म्हटलं की तिची जीभ टाळूला चिकटायची. पहिल्या वर्षी तिने कागद धरून भाषण वाचलं, आणि हातातला कागद इतका थरथरला की पुढच्या ओळीतल्या मुली हसल्या. दुसऱ्या वर्षी जरा बरं झालं. तिसऱ्या वर्षी भाषण पाठच होतं. कार्डं मात्र तिने तोवर एकदाही वाचली नव्हती. ते अक्षर बघायचा धीर व्हायचा नाही.

तिसऱ्या वर्षी, सोमवारी, पहिल्याच शाळेत पेटी उघडताना गठ्ठ्याचा वाळलेला रबरबँड तुटला. कार्डं टेबलावर पसरली. तिने ती गोळा केली, तर सगळ्यांत वरच्या कार्डावर लिहिलं होतं:

'मागून दुसरी ओळ, भिंतीकडची. सगळ्यांच्या आधी हसते. कार्यक्रम संपला तरी थांब.'

तिने नजर उचलली. मागून दुसऱ्या ओळीत भिंतीकडे एक मुलगी बसली होती, आणि कुणी काही बोलायच्या आतच हसत होती. धाकटीने कार्ड पुन्हा वाचलं. पण लगेच तिने स्वतःची समजूत घातली. हसऱ्या मुली सगळ्याच शाळांत असतात. दादाने पाच वर्षांपूर्वी दुसऱ्याच कुणाबद्दल लिहिलं असेल.

तरी ती थांबली. हॉल रिकामा झाला, शिपाई खुर्च्या एकावर एक रचू लागला, आणि ती मुलगी परत आली.

"ताई, माझ्या मैत्रिणीने विचारलंय," ती म्हणाली. अजूनही हसतच होती. "एकदाच घेतलं तर सुटतं ना?"

"कितीदा घेतलंय मैत्रिणीने?"

मुलीचं हसू कुणीतरी पुसून टाकल्यासारखं गेलं. "नऊदा," ती म्हणाली आणि रडायला लागली.

त्या मुलीला तिच्या बाईंच्या हाती सोपवून धाकटी घरी आली. तिला बरं वाटत होतं. दादाचं कार्ड उपयोगी पडलं, यापलीकडे तिने विचार केला नाही.

बुधवारची शाळा गावाबाहेर होती. तिथलं कार्ड असं होतं: 'नव्या रंगाचा वास. खिडक्या अजून उघडत नाहीत. चौथी ओळ, हातरुमालवाली. तिला सर्दी झालेली नाही.'

हॉलमध्ये रंगाचा वास भरून राहिला होता. एक बाई खिडकीला जोर लावत होत्या. "नवी आहे ना, फुगलीय," त्या ओशाळून म्हणाल्या. चौथ्या ओळीत एक मुलगी तोंडावर हातरुमाल धरून बसली होती, आणि तिचे डोळे भलतीकडेच लागले होते.

धाकटीने मुख्याध्यापिकेला बाजूला घेतलं. रुमालाचा वास घ्या म्हणाली. त्यांनी घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला. रुमालावर थिनर होतं, नशेसाठी हुंगायचं. मुलीला ताबडतोब डॉक्टरकडे नेलं. जाताजाता धाकटीने विचारलं, "इथे माझे भाऊ कधी बोलायला आले होते?"

"इथे? कसे येतील हो? इमारत उभी राहूनच आठ महिने होतायत, रंग तर आत्ता लागलाय."

परतीच्या बसमध्ये पेटी तिच्या मांडीवर होती. एरवी ती पेटीवर हात ठेवून डुलकी काढायची. त्या दिवशी तिने हात काढून घेतले आणि उतरेपर्यंत खांद्याच्या पिशवीच्या पट्ट्याला धरून बसली.

दादा गेल्यापासून धाकटी वहिनीकडेच राहायची. वहिनी, दादाची बारा वर्षांची मुलगी चिमणी आणि ती, अशा तिघी. वहिनी बँकेत होती, पण वर्षभरापूर्वी तिने नोकरी सोडली. "आकडे डोळ्यांसमोर ठरत नाहीत, वन्सं," एवढंच म्हणाली. भाजीत दोनदा मीठ पडायचं, नळ वाहत राहायचा, बोलता बोलता ती मध्येच थांबायची. माणूस गेलंय, वेळ लागणारच, असं येणारेजाणारे म्हणायचे. धाकटीही तेच म्हणायची. सकाळी नऊला ती दुकानात जायची ती रात्री उशिरा परतायची, त्यामुळे तिला दिसायचं ते अर्धंमुर्धंच.

त्या संध्याकाळी तिने रजा टाकली होती. वहिनीला कार्ड दाखवलं आणि सगळं सांगितलं. वहिनी घाबरेल, निदान रडेल, असं तिला वाटलं होतं. वहिनीने कार्ड दिव्याखाली धरलं, 'ळ'वरून बोट फिरवलं आणि शांतपणे म्हणाली, "त्यांचंच आहे. काल बोलले नाहीत यातलं काही."

"कोण बोललं नाही?"

"हे. दुपारी येतात ना." हवापाण्याबद्दल बोलावं तसं वहिनी बोलत होती. "तुम्ही दुकानात असता, चिमणी शाळेत. पलंगाच्या कडेला बसतात. बूट काढा म्हणते, तर नुसते हसतात. पूर्वीही कुठे काढायचे!"

धाकटीने वळून पाहिलं. आतल्या खोलीचा दरवाजा अर्धवट उघडा होता. पलंग दिसत होता. चादर एका बाजूला ताठ आणि कडेला चुरगळलेली.

नंतर चिमणीची वेणी घालताना धाकटीने हळूच विषय काढला. चिमणी मान न हलवता म्हणाली, "मला माहितेय आत्या. शाळा लवकर सुटली की मी दाराबाहेर थांबते. त्यांचं बोलणं होईपर्यंत."

"तुला बाबांचा आवाज येतो?"

"नाही. आईचाच येतो. पण ती मध्येमध्ये गप्प बसते ना, तेव्हा ते बोलत असणार."

धाकटीची बोटं वेणीतच थांबली. भीती तर वाटलीच, पण भीतीच्या खाली आणखी एक गोष्ट टोचत होती, आणि तिची तिला लाज वाटली. मी त्याची सख्खी बहीण, मी पेटी घेऊन वणवण करते, आणि मला कार्डं. वहिनीकडे मात्र तो स्वतः येतो. वहिनीला झालंय तरी काय, हा प्रश्न पडायला हवा होता. तो पडला नाही.

गुरुवारी तिने उरलेली सगळी कार्डं ओळीने वाचून काढली. पुन्हा दचकायला नको म्हणून. सोळा कार्डं होती, त्यांत विशेष काही नव्हतं. तिने नवा रबरबँड घातला आणि पेटी कपाटात ठेवली.

शुक्रवारी समारोप होता. गावातली सगळ्यांत मोठी शाळा, चारशे मुली, व्यासपीठावर दादाचा फोटो आणि शेजारी त्याचे साहेब. सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले. मग धाकटी माइकपाशी गेली. बोलणं छान रंगलं. मुली ऐकत होत्या. पेटीतली बाटली उचलून दाखवताना तिची नजर गठ्ठ्यावर गेली. वरचं कार्ड तिने कधीच वाचलं नव्हतं.

'आज इथे कुणी नाही. घरी जा.'

धाकटीने समोर पाहिलं. चारशे चेहरे होते. ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बघत गेली, आणि खरंच, त्यांत तिला कुणीही सापडेना. सगळ्या मुली ठीक होत्या. मग बोलणं तुटलं. 'औषधाची बाटली घरातच असते, म्हणून ती' इथपर्यंत वाक्य आलं होतं आणि पुढचं तिला आठवेना. माइकमधून तिचा श्वास हॉलभर ऐकू येत होता.

"मला घरी जायचंय," ती माइकवरच म्हणाली.

साहेब उठून उभे राहिले. "बरं वाटत नाहीये का?"

"जीप द्या. आत्ताच्या आत्ता."

तिचा चेहरा बघून त्यांनी पुढचं काही विचारलं नाही. ड्रायव्हर दादाच्या वेळचाच होता. त्याने अकरा मिनिटांत घर गाठलं.

दुपारचे पावणेबारा वाजले होते. बेल वाजवली, कुणी आलं नाही. तिने किल्लीने दार उघडलं. मोरीतला नळ वाहत होता. बादली भरून पाणी पार पॅसेजपर्यंत आलं होतं. आतल्या खोलीत वहिनी पलंगावर झोपली होती, भिंतीला अगदी चिकटून, दुसऱ्या कुणाला जागा करून दिल्यासारखी. ओठ निळसर पडले होते. श्वास घोरल्यासारखा, आणि दोन श्वासांत भलतंच अंतर.

"वहिनी! अहो वहिनी!" गालावर मारलं, हलवलं. मान नुसती लोंबली. तिला उठवायला धाकटी पलंगाच्या कडेला बसली, आणि तिचा हात चादरीवर टेकला. तिथे चादर दबलेली होती. आणि कोमट होती. वहिनी तर पलीकडे भिंतीला होती, दोन हात लांब.

तेवढ्यात ड्रायव्हर धावत आला आणि दोघांनी मिळून वहिनीला उचललं. वीस वर्षांच्या काउंटरने धाकटीला एक गोष्ट शिकवली होती: डॉक्टर पहिला प्रश्न विचारणार, काय घेतलंय? "तुम्ही जीपमध्ये घाला, मी आले," म्हणून ती स्वयंपाकघरात शिरली आणि डबे उघडत सुटली. वरच्या फळीवर, रव्याच्या डब्यामागे एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्यात झोपेच्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या खच्चून भरल्या होत्या. चार वेगवेगळ्या दुकानांच्या पिशव्या. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या. तिने सगळा डबाच उचलला.

डबा जीपमध्ये मांडीवर उलटला तेव्हा तळाशी चिकटलेलं एक जुनं पाकीट निघालं. तिच्याच दुकानाचं. त्यावर तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'रात्री झोपताना एक'.

तेव्हा तिला सगळं आठवलं. दादा गेल्यावर पहिल्या आठवड्यात वहिनीच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. घरच्या डॉक्टरांनी दहा दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या आणि धाकटीने त्या आणल्या. दहा दिवसांनी वहिनी म्हणाली, "वन्सं, अजून एक पट्टी आणाल?" तिने आणली. ओळखीवर, चिठ्ठीशिवाय. त्यानंतर आणखी एक. मग वहिनीने मागणं बंद केलं आणि धाकटीला वाटलं, झोप लागायला लागली असेल. ती तीन वर्षं गावभर पेटी नाचवत होती. 'पहिली गोळी नेहमी प्रेमाने देतात,' हे वाक्य तिच्या भाषणात होतं. त्यावर टाळ्या पडायच्या.

"वहिनीला काही झालं तर मी—" ती ड्रायव्हरला म्हणाली.

"काही होत नाही ताई," तो हॉर्नवरचा हात न काढता म्हणाला. "पोचलोच आपण."

वहिनी वाचली. डॉक्टरांनी डबा बघितला, नर्सला भराभर सूचना दिल्या आणि चौथ्या तासाला बाहेर येऊन सांगितलं, "अजून अर्धा तास उशीर झाला असता तर मी तुमच्याशी असा बोलत नसतो." जीव द्यायचा तिचा विचार नव्हता. रोजच्या गोळ्यांनी भागेना, म्हणून तिने दोन वाढवल्या होत्या आणि वर बाटली घेतली होती. "माणूस दिसायला लागणं, बोलायला लागणं, हे त्यातलंच," डॉक्टर म्हणाले. "गोळ्या उतरल्या की जाईल."

पुढचे दोन महिने वाईट गेले. गोळ्या एकदम तोडता येत नाहीत, कमी कमी करत न्याव्या लागतात. वहिनी थरथरायची, घामाने निथळायची, दाराच्या आवाजाने दचकायची. धाकटीने दुकानातून बिनपगारी रजा घेतली. मालकाला पट्ट्यांचंही सांगून टाकलं. त्याने झोपेच्या गोळ्यांच्या कपाटाची किल्ली तिच्याकडून काढून घेतली. तिने मुकाट्याने दिली.

एके दुपारी वहिनी पलंगावर उठून बसली होती आणि पलंगाच्या कडेकडे टक लावून बघत होती. धाकटी पेज घेऊन आली.

"आता येत नाहीत ते," वहिनी म्हणाली.

धाकटीने वाटी पुढे केली.

"तुम्ही मला वाचवलंत, हे सगळे सांगतायत. पण त्यांना घालवलंत तुम्ही. एकदा टेम्पोवाल्याने घालवलं, एकदा तुम्ही." ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"गोळ्या मीच आणून दिल्या होत्या वहिनी. पहिल्या मीच दिल्या."

"माहितेय मला. पाकीट मीच जपून ठेवलं होतं." वहिनीने वाटी घेतली. "त्या आठवड्यात माझ्यासाठी काही आणणाऱ्या तुम्ही एकट्याच होतात."

त्या दिवशी दोघी शेजारी बसून राहिल्या. पेज गार झाली.

कार्डाबद्दल धाकटीने साहेबांना विचारलं. त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं आणि हसले. "अहो, हे तर मला आठवतंय! एकदा तो सुट्टीच्या दिवशीच शाळेत जाऊन थडकला होता. वॉचमनशिवाय कुणी नाही. आम्ही महिनाभर चिडवलं त्याला. तेव्हा लिहिलं असणार. दुसऱ्या कार्डाला चिकटलं असेल, म्हणून तुम्हाला आधी दिसलं नाही."

"आणि हे?" तिने रंगाच्या वासाचं कार्ड पुढे केलं.

साहेबांनी ते वाचलं. शाळेचं नाव विचारलं. मग पुन्हा वाचलं. हसू मावळलं आणि त्यांनी कार्ड टेबलावर ठेवून तिच्याकडे सरकवलं, बोटाच्या टोकाने. "आत ठेवा ते," एवढंच म्हणाले.

चौथ्या वर्षीचा आठवडा जवळ आला तेव्हा वहिनीने स्वतःच सांगितलं, "या वेळी मी बोलते." साहेबांना ते पसंत पडेना. ते घरी आले, चहा घेतला, घसा खाकरला. "गैरसमज नको. पण ज्या माणसाने नशेविरुद्ध जीव दिला, त्याच्याच घरात… लोक काय म्हणतील? त्याच्या नावाला—"

"डाग लागेल?" वहिनी म्हणाली. "साहेब, पोरींना वाटतं हे सगळं नाक्यावरच्या टेम्पोतून येतं. माझ्याकडे रव्याच्या डब्यामागून आलं. हे कुणी सांगायचं त्यांना?"

साहेब धाकटीकडे वळले. तिने सावरून घ्यावं, अशी त्यांची अपेक्षा होती.

"पहिली पट्टी मी दिली, हे मीही सांगणार आहे," धाकटी म्हणाली. "जमणार नसेल तर फोटो तुम्ही घेऊन जा. पेटी आमच्याकडे राहील."

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. जाताना दारात थांबून म्हणाले, "सोमवारी दहाला जीप येईल."

सोमवारी वहिनी माइकपाशी उभी राहिली. आवाज बारीक होता, मागच्यांना ऐकू येईना, बाईंनी माइक दोनदा वर केला. तिने दुपारचं सगळं सांगितलं. पलंगाची कड, बूट, हसणं. सांगताना तिने एकदाच डोळे मिटले. हॉलमध्ये कुणी कागदसुद्धा हलवत नव्हतं. मग धाकटी उभी राहिली आणि तिने आपलं सांगितलं. टाळ्या पडल्या नाहीत. घंटा झाली, मुली उठल्या आणि एरवीचा गोंगाट न करता ओळीने बाहेर गेल्या.

एक मुलगी तेवढी मागे राहिली. बुटाची नाडी बांधत होती. बांधून झाली, तिने ती सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली. धाकटीने पेटीकडे हातही नेला नाही. तिने वहिनीकडे बघितलं, तर वहिनी केव्हाच पायऱ्या उतरून निघाली होती. मुलीच्या शेजारची खुर्ची ओढून ती बसली. 

धाकटी बाहेर आली. जीपपाशी ड्रायव्हर पेपर वाचत उभा होता.

"निघायचं का?" त्याने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "वेळ लागेल."